तुम्ही म्हणाल तसे

अनुया : बाबा, गप्प काय उभे राहिलात? नकुल उतारावर निघाला की!

मुरलीधर : जाऊ दे, अनुया. माझ्या निवृत्तीनिमित्त एवढ्या हौसेने नकुलरावांनी ही केर्नगॉर्मची सहल आखली. लग्नाला वर्ष झाले नाही, आणि सासऱ्याने पदोपदी विघ्न आणावे हे शोभत नाही.

अनुया : तीस वर्षं तुम्ही हिवाळ्यात स्कॉटलंडचे डोंगर चढताय. तो इंग्रजी वळणात वाढलेला, डोंगरात पहिल्यांदा आलाय. आणि शोभेचं काय घेऊन बसलात?

नकुल : बाबा, या ना! हा शॉर्टकट एकदम ईझी आहे. खाली कार पार्क दिसतो. आपला गाडी पण दिसतो!

मुरलीधर : येतो, नकुलराव. आपण जरा... सावकाश उतरावे.

अनुया : हे सांगणं झालं? स्टॅनमोरच्या दवाखान्यात पेशंटला असंच सांगायचात? सिगरेट जरा कमी करावी, जमल्यास?

मुरलीधर : पेशंट निराळा, जावई निराळा.

अनुया : सकाळी बर्फाचा अंदाज वाचून तुमचा चेहरा उतरला होता. काय होतं त्यात?

मुरलीधर : ईशान्येकडच्या उतारांवर बर्फ कोसळण्याचा धोका बराच आहे. रात्रभर नैऋत्येचा वारा होता. त्याने पठारावरचा बर्फ उचलून पलीकडे आणून रचला. वरचा थर फळीसारखा घट्ट आणि खाली साखरेसारखा सुटा दाणा. साखरेवर ठेवलेली फळी ती, कितीशी टिकणार?

अनुया : आणि हा उतार कुठल्या दिशेचा?

मुरलीधर : ईशान्येचा.

अनुया : बाबा!

नकुल : हे काय झालं? पायाखाली आवाज आला, धप्प असा. माझ्या वरती बर्फात एक लाइन पडला आहे. लांब.

मुरलीधर : नकुलराव, आपण कृपया...

नकुल : मी पळतच खाली जातो, ओके? एकदम फास्ट...

मुरलीधर : अरे, थांब! जागचा हलू नकोस!

नकुल : बाबा?

मुरलीधर : बोलू नकोस, ऐक. पाय आपटायचा नाही, उडी मारायची नाही. आधी पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोड, वेळ आली तर ती झटकन टाकता येईल.

नकुल : सोडला.

मुरलीधर : आता हळूच वळ आणि स्वतःच्याच ठशांत पाऊल ठेवीत ये.

अनुया : मी पुढे होऊन हात देते त्याला.

मुरलीधर : तू या खडकावरून उतरायचे नाहीस. तिथे दोघांचे वजन नको. त्याच्यावरची नजर मात्र काढू नकोस. बर्फ निघालाच, तर तो शेवटचा कोठे दिसला हे तुला ठाऊक पाहिजे.

अनुया : असं बोलू नका ना.

मुरलीधर : बोललेच पाहिजे. नकुल, वर काय बघतोस? माझ्याकडे बघ!

नकुल : लाइन मोठा होतोय.

मुरलीधर : होऊ दे. तू ये. शाब्बास. अजून थोडे. ही काठी धर... आलास. बैस.

(अवघा उतार दुभंगतो आणि गडगडत दरीत जातो.)

नकुल : मी तिथेच होतो. तिथेच.

अनुया : थर्मासमधला चहा घे. दोन्ही हातांनी धर कप.

नकुल : बाबा, तुम्हाला माहीत होतं?

मुरलीधर : होते.

नकुल : पण मी ब्रेकफास्टला विचारलं ना, ह्या रूटने जाऊ का? तुम्ही म्हणालात, "तुम्ही म्हणाल तसे." मला वाटलं, म्हणजे सेफ आहे.

मुरलीधर : आमच्याकडे जावयाला तसेच म्हणतात.

नकुल : आमच्याकडे सरळ 'नो' म्हणतात.

मुरलीधर : यापुढे मीही म्हणेन. ऊठ आता. आलो त्याच वाटेने, पठारावरून परत जायचे. मी पुढे राहतो.

अनुया : संध्याकाळी आईचा फोन येईल. काय सांगू तिला?

मुरलीधर : एवढेच सांग, की बाबा जावयावर ओरडले. बाकीचे तिला कळेल.