तिसरी सुई

कौसल्याच्या फोटोले हार घालाले फटफटीवाला डाक्टर सगळ्यात पुढं, आन माही नात प्रणाली मागं चपलांपाशी उभी. तिले बस म्हणाले कोणाच्या तोंडात जीभ नव्हती का?

आता रामराम. सारे जमले, बरं झालं. मले भाषण येत नाई, शाळा दुसरीपर्यंत. कौसल्या माही शेजारीण. रोज सकाळी कुंपणावरून भांडे. आज सकाळी कोणी भांडलं नाई. त्यावर जास्त बोलत नाई. बाकीचं बोलते.

गावभर चालू हाय, कौसल्याले प्रणालीनं मारलं. नवीन नर्स, इले सलाईन लावता येत नाई. तर ऐका, तिले काय येते ते.

नर्सचं शिकत होती तवा सुट्टीत घरी आली का माह्या दंडाले रबरी पट्टा बांधे. सुई नाई, नुसतं बोटानं शीर चाचपे. "आजी, डोळ्यानं नाई, बोटानं पाहाव लागते." आधी हात धुवे, मंग माही कातडी पुसे. पुसल्यावर चुकून बोट लागलं का परत पुसे. मी म्हटलं, "काऊन वो, माह्या हाताची पूजा मांडून राह्यली का?" हसली नाई. म्हणे, "सुई आत जाते तवा बाहेरची घाण संगं जाते."

एकदा दवाखान्यातून रडत आली. एका बाईले दोनदा टोचलं, शीर सापडली नाई. मोठ्या सिस्टरनं सुई हातातून घेतली. म्हणाली, "दोनदा चुकलं का थांबाचं, दुसरीले बोलवाचं. तिसरी सुई पेशंटसाठी नसते, आपल्या नाकासाठी असते."

आता धानाच्या रोवण्याच्या दिवसांत कौसल्याले हगवण लागली. तिच्या पोरानं, या दिवाकरनं, उपकेंद्रात नेलं. अंगातलं पाणी गेलेलं, शिरा बसलेल्या. प्रणालीनं दोनदा टोचलं आन सुई खाली ठेवली. "भाऊ, गाडी बोलावते, आरमोरीच्या दवाखान्यात नेऊ. तिथी मोठ्या सिस्टर हायेत." दिवाकर काय म्हणाला? "इले येत नाई." मायले उचलून घरी नेलं, आन फटफटीवाल्याले फोन केला.

त्यानं पहिल्याच झटक्यात लावली. तुम्ही सारे वाहवा करत होते. मी तिथीच ओसरीत होती. त्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा बोटानं काढून फेकला आन त्याच हातानं शीर दाबली. मी म्हटलं, "डाक्टर, हात धुवा." तुम्ही मलेच गप केलं.

बाटली संपली. त्यानं नळी काढली, सुई कौसल्याच्या हातातच ठेवली. "राहू द्या, उद्या परत लावतो." उद्या आला नाई. परवा आला नाई. कौसल्याले बरं वाटलं. तिनं हातावर प्लास्टिकची पन्नी बांधली आन सुईसकट रोवाले उतरली. चिखलात. संगं किती बाया होत्या? कोणाले पन्नी दिसली नाई? दिसली. हसल्या तुम्ही. डाक्टरनं बांगडी भरली म्हणाल्या.

प्रणाली शेताच्या धुऱ्यावर आली. "काकू, हात लाल झाला. दुखते नं? ते आत्ता काढाव लागते." कौसल्यानं हात मागं घेतला. "डाक्टर येईन तवा काढन. तू दोनदा भोसकलं, पुरे." पोरगी मंग कौसल्याच्या घरी गेली, तर दिवाकरनं दारातूनच हाकललं. मंग हात कोपरापर्यंत सुजला, थंडी वाजून ताप आला. गडचिरोलीले नेलं तवा उशीर झाला होता.

आन आता प्रणालीले गावातून हटवा म्हणून तुम्ही अर्जावर अंगठे लावून राह्यले. लावा. मंग तुमच्या सुनांले सुई कोण लावन? खर्रावाला?

दिवाकर, तू रडून राह्यला, रड. तुही माय गेली. पण दारातून कोणाले हाकललं ते आठवून रड.

आता कौसल्यासाठी उभे राहा सारे. प्रणाली, चपलांतून पुढं ये, माह्याजवळ उभी राह्य. माना खाली करा, पोरीकडं पाहू नका. कोणी बोलाचं नाई. एकटा डाक्टर बोलन. तो हार खाली ठेव, डाक्टर. सुई काढाले काऊन आला नाई, ते तू सांग. तू सांगत नाई तंवरी कोणी बसाचं नाई.