गिअर पुढं, आवाज मागं

माझ्या गाडीला खटारा म्हणता ना, मग हे ऐका. दसरा झाला आणि गिअर बदलला की मागून ठक्क असा आवाज यायला लागला. गिअर पुढं, आवाज मागं, हे काय ते मला कळेना. पोरगा म्हणाला, "बाबा, गिअरबॉक्स गेला. विकून टाका." मी म्हटलं, "तुला विकीन, गाडी नाही."

आमच्या भागात, बनशंकरीत, मंजू मेकॅनिक आहे, बेळगावकडचा; मला अज्जा म्हणजे आजोबा म्हणतो. त्यानं चालवली तर आवाज नाही. मी चालवली की ठक्क. परत तो बसला, परत गप्प.

"अज्जा, गाडी तुमच्यावरच रागावली काय?"

शेवटी तो मागं बसला आणि मला चालवायला लावली. ठक्क झालं तसा म्हणाला, "थांबा, डिकीत आहे."

डिकीत जादा चाकाशेजारी नारळ, हळदकुंकू लावलेला. दसऱ्याला गाडीची पूजा केली होती, तेव्हाचा. बायकोला फोन लावला.

"मीच ठेवलाय," ती म्हणाली. "गाडीच्या रक्षणाला. पुढच्या दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही."

मंजू म्हणाला, "गिअर चांगला आहे, अज्जा. तुम्ही क्लच असा झटक्यानं सोडता की नारळ आपटतो."

आता बायको शेजारी बसते आणि ठक्क झालं की माझ्याकडं बघते. गाडी राहिली, नारळही राहिला, आणि मी या वयात क्लच सोडायला शिकतोय.