विनोदभाऊचा धूमकेतू

— नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू राजदीपभाऊ, तिचा पाय हालते. इथी बसा. फोटो मंग काढा, आधी लिहून घ्या — विनोद चौधरी, ऑनलाइन केंद्र, बसस्टँडच्या बाजूले, गोंडपिपरी. सूर्याजवळचा धूमकेतू शोधनारा तालुक्यातला पहिला मानूस. पेपरात असंच छापा. चौकातला फ्लेक्स पाहिला असन तुम्ही — 'विनोद धूमकेतू' लिहिलं त्याच्यावर. ते चूक आहे. धूमकेतूले नाव फोटो काढनाऱ्या उपग्रहाचंच लागते, शोधनाऱ्याचं फक्त यादीत येते. पन सांगनार कोनाले? आमचा नगरसेवक विचारते, विनोद, तुझा तारा पडला तं आमच्या वार्डात नाई पडनार ना? परवा सत्कार करून राह्यले, आन् काहाचा ते एकालेबी मालूम नाई. शाल कोनाच्या हातानं द्याची, भांडन त्याच्यावर आहे.

कसा शोधते म्हनता? सोपं आहे. वर एक उपग्रह सूर्याकडं तोंड करून बसला आहे — समोर थाळी धरल्यासारखं करून सूर्य झाकते, आन् आजूबाजूचे फोटो पाठवते. नेटवर कोनीबी पाहू शकते. त्यात एखादा बारीक ठिपका फोटोमागून फोटो सूर्याकडं सरकत जाते — तो धूमकेतू. इतका जवळ जाते का बहुतेक जळूनच जाते, वापस येत नाई. साऱ्या जगाच्या आधी ज्यानं फॉर्म भरला, शोध त्याचा. आन् फॉर्म भरन्यात माझा हात कोन धरन? जातीचा दाखला, सातबारा, पीकविमा — अख्खा तालुका माझ्या बोटाखालून जाते.

आता? आता दाखवू? दाखवतो ना, त्यात काय. हे आजचे फोटो. हे ठिपके — हे सारे तारे, हा नुसता कचरा. आन् हा पाहा. हा. दिसला? याले म्हनते — थांबा. थांबा जरा — धूळ होती. रस्त्यानं ट्रक जाते ना. हसू नका भाऊ, रोज पुसला जाते स्क्रीन, पन आठ दिवस झाले, सोमारी नाई.

सोमारी म्हनजे आमची झाडझूड करनारी बाई. मोहाचा सीझन लागला का चालली गावाले. सुट्टी मांगत नाई, सांगून जाते. अडानी बाई, माउस धरता येत नाई तिले. स्क्रीन पुसता पुसता उभी राह्यते आन् म्हनते, हे फूल नवं आहे. फूल म्हनते. मोहाखालचा पाला जाळून जमीन काळी करते ना हे लोकं, फूल दिसाले पाहिजे म्हनून — तसंच दिसते म्हने तिले. कोनतं पहिलंच पडून होतं आन् कोनतं आता आलं, ते तिले बरोबर —

काय? नाई, तसं नाई. तिनं फक्त बोट ठेवलं. बोट ठेवनं म्हनजे शोध होत नाई. वेळ कोनी टाकली? जागेचे आकडे कोनी टाकले? फॉर्म इंग्रजीत आहे. दोन्ही वेळेस मीच भरला. हो, दोन धूमकेतू. दुसऱ्यावरबी तिनंच — तुम्ही तं वकिलासारखं विचारून राह्यले. तिले काय कराचं धूमकेतूचं? मी सांगतलं होतं तिले, बाई, तुझं फूल जळालं सूर्यात. तं विचारते कशी, त्याच्या आधी येचलं का कोनी? म्हनलं, येचलं. खूश झाली. गेली झाडू माराले.

बरं, लिहा तिचंबी नाव, कुठी तरी कोपऱ्यात. माझं मन मोठं आहे. सोमारी.

आडनाव? आडनाव — तिथीच तं अडलं होतं. फॉर्म पूर्न नाव मांगे, मले तिचं आडनाव मालूम नाई, वेळ जाऊन राह्यला, तिकडं कोन्या देशातला मानूस आधी भरून टाकन — म्हनून माझं टाकलं. खरं कारन हेच आहे, लिहा. कुठी होती म्हनजे? इथीच होती. माझ्या मांगं. हातात फडकं घेऊन उभी होती.

तीन वर्षं झाले तिले कामाले. इथी रोज पन्नास लोकायचे आडनावं विचारतो मी.

पेन ठेवा ते. उठा भाऊ, केंद्र बंद कराचं आहे मले.