शेजारी ठेवून बघ

चंडीगड, २००४. सेक्टर सतराच्या स्टँडवर चंडीमंदिर छावणीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी मराठीत बोलत होत्या.

“अपूर्वा, सरांनी पेपर परत का केला गं?”

“तीस जणांचे एमआरआय काढले. मेंदूच्या डाव्या भागाचं स्मरणशक्तीशी नातं दिसलं, उजव्याचं दिसलं नाही. म्हणून मी लिहिलं, डाव्याचंच नातं जास्त घट्ट.”

“बरोबरच आहे की!”

“नाही ना. डाव्याचं जेमतेम दिसलं, उजव्याचं थोडक्यात हुकलं. त्या दोघांतला फरक मी तपासलाच नाही.”

“लहानपणापासून तुझं हेच.”

“काय हेच?”

“म्हणायचीस ना, आईचं दादावर प्रेम दिसतं, माझ्यावर दिसत नाही, म्हणजे त्याच्यावरच जास्त!”

“आहेच मुळी. आत्तासुद्धा त्याच्याच मिलिटरी क्वार्टरवर राहिलीस.”

“तुझ्या हॉस्टेलात ठेवून घेतात का आईला?”

“...नाही.”

“मग? बस आली बघ. हा धर तुझा लाडवांचा डबा.”

“आणि दादाचा?”

“पिशवीत आहे. ठेव शेजारी आणि बघ.”

“अगं आई, माझा केवढा मोठाय!”

“हळू बोल. दादाला सांगशील तर बघ.”