आत्याच्या तोंडावरचा कचऱ्याचा डबा

...आणि वर मलाच विचारतात, "तू काय केलंस?" मी काय केलं? मी झोपलो होतो! शनिवारी सकाळी सात वाजता आत्याच्या किंकाळीनं उठलो, तर ती कॉम्प्युटरसमोर उभी, हातात केरसुणी, आणि काकांना म्हणतेय, "माझ्या तोंडार कचऱ्याचो डबो ठेवलात तुमी? चाळीस वर्सां संसार केलंय, तेचा ह्या फळ?"

आता तुम्हाला सांगतो, काका म्हणजे दत्ताराम काका, आत्याचे यजमान, सरकारी खात्यातून रिटायर. त्यांच्या कांदिवलीच्या घरात, हॉलमधल्या दिवाणावर, मी आठ महिने झोपतोय. कारण मी इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि आमचा बाप म्हणाला, तोंड दाखवू नकोस. ठीक. नाही दाखवत.

तर काकांनी काय केलं? नितेशदादाच्या लग्नातला ग्रुप फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला. नितेशदादा म्हणजे गोरेगावच्या जयवंतकाकांचा मुलगा. फोटोत अख्खं खानदान, छत्तीस डोकी, फोटोग्राफरनं अशी कोंबलीत की मागची भिंत दिसत नाही. आत्या सगळ्यात वरच्या रांगेत, अगदी डावीकडे. आणि रिसायकल बिन, तो कचऱ्याचा डबा हो, तो कुठे असतो? वर, डावीकडे, कोपऱ्यात. बरोब्बर नाकावर! तीन आठवडे कोणाला पत्ता नाही, शनिवारी केर काढताना दिसलं.

बरं, दिसलं तर दिसलं! पण दुसऱ्या दिवशी त्याच लग्नाला वर्ष झालं म्हणून सगळे इथेच जेवायला येणार होते. जेवणानंतर विषय एकच, 'चैतन्यचं पुढे काय?' चैतन्य म्हणजे मी. आणि आत्यानं जाहीर केलं, "माझा तोंड मोकळा होयसर गॅस पेटाचो नाय!" म्हणजे फोटोत तोंड झाकलं तिचं, बंद झालं माझं!

काका म्हणाले, "काल तूच बसला होतास." घ्या! ह्यांचा कॉम्प्युटर, ह्यांची बायको, ह्यांचा डबा, आणि गुन्हेगार मी!

म्हटलं, सरका. माउस धरला, डबा ओढला, सोडला... टुण्! परत जागेवर. आत्या किंचाळली, "परत इलो! माझ्याच तोंडार इलो!" अरे, ते आपोआप रांगेत लावणारं सेटिंग चालू होतं, ते बंद करायला दहा सेकंद लागतात, पण ती दहा सेकंद कोणी गप्प बसेल तर ना! बंद केलं. डबा सुटला. झकास! आता फक्त नवी जागा द्यायची... आणि इथेच वाट लागली. कारण आयकॉन हलतो हो, माणसं हलत नाहीत.

जरा उजवीकडे नेला. काका ओरडले, "अरे, ती मीरा! माझी सख्खी बहीण!" मध्ये नेला. "नवरीच्या डोक्यावर? वर्ष नाही झालं अजून!" खाली नेला. "नवरा-नवरीच्या पायाशी कचरा?" म्हटलं, डबाच काढून टाकतो. "मग चुकून पुसलेलं कुठून आणू?" म्हटलं, फोटो बदलू, फुलं लावू, डोंगर लावू. "जयवंत उद्या विचारेल, माझी सून कुठे गेली?" म्हटलं, सगळेच आयकॉन लपवतो. एक टिचकी मारली, पडदा साफ, छत्तीसच्या छत्तीस चेहरे चकाचक! आत्या हसली सुद्धा. आणि काका?

काका खाली बसले. "गेलं! सगळं गेलं! पेन्शन गेली!"

"काका, काही गेलेलं नाही. फक्त दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजेच गेलं!" आणि लावला की हो फोन जयवंतकाकांना, स्पीकरवर. "तुझ्या पुतण्यानं माझा कॉम्प्युटर पुसला!" तिकडून जयवंतकाका, ज्यांना अजून फोनचा आवाज कमी करता येत नाही, ते म्हणतात, "अर्धवट शिक्षणाचा हाच तोटा बघ!"

आयकॉन परत आणले. काकांचा श्वास परत आला. मग कळलं, हा माणूस नावं वाचतच नाही! हा माणसांवरून फाइली शोधतो! लाइट बिल जयवंतच्या टकलावर. पेन्शन मीराच्या पदरावर. आणि हयातीचा दाखला? आमच्या आजोबांच्या टोपीवर. आजोबा मार्चमध्ये वारले! म्हटलं, काका, निदान तो तरी हलवू? "नको रे, मग सापडत नाही." मी म्हटलं ना, आयकॉन हलतो, माणसं हलत नाहीत!

दुपारचे दोन वाजले. गॅस बंद. माझ्या पोटात दोन खारी बिस्किटं. मग आत्यानं स्वतः चष्मा लावला, बोट पडद्यावर ठेवलं आणि एकेक चेहरा बघत निघाली. "ह्येका नको... हिका राग येतलो... ह्यो मोठो मान्स..." बोट सरकतंय, सरकतंय... आणि खाली उजव्या कोपऱ्यात थांबलं. तिथे कोण? पंगतीतून ओढून आणलेला, तोंडात जिलबी असलेला, मी.

"हय ठेव," आत्या म्हणाली. "तू काय, घरातलोच."

काकांना तर सुचलंच! "मग सगळेच तिथे टाक ना! एकाच माणसावर शोधायचं, किती सोपं!" टाकले. एकवीसच्या एकवीस, एकावर एक. लाइट बिल माझ्या कानावर, पेन्शन छातीवर, कपाळावर हयातीचा दाखला, आणि तोंडावर, बरोब्बर जिलबीवर, डबा. आत्यानं त्याच मिनिटाला गॅस पेटवला.

रविवारी सगळे आले. पडद्यासमोर गर्दी, "अय्या, मी बघ!", "माझी साडी बघ!" आत्या तर तीनदा पुसून गेली पडदा. नितेशदादाची बायको शीतल, नवीन आहे बिचारी, तिनं विचारलं, "चैतन्य नव्हता का लग्नाला?"

"होता की!" काका अभिमानानं म्हणाले. "डब्याखाली आहे."

कोणी हसलं पण नाही. शोधणाऱ्याला पत्ता सांगावा, तसं सांगितलं काकांनी!

आणि जेवणानंतरचा विषय? तोच. परत कॉलेजला घाला, गावाला धाडा, अंधेरीला कोणाच्या तरी ओळखीनं चिकटवा. मी समोर बसलोय, जिवंत, पण बोलताना एकजण माझ्याकडे बघेल तर शपथ! सगळे पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघून बोलत होते. मी म्हटलं ना, माणसं हलत नाहीत.

मी काय करणार? चौथा वडा घेतला, त्यावर कोंबडीचा रस्सा ओतला आणि तोंड उघडलं. आता डबाच आहोत म्हटल्यावर, लोक टाकतील ते घ्यायचं!