अप्पांचा डावा कान

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि यंत्रमागधारक मंडळाचे ज्येष्ठ सभासद आदरणीय मानसिंगराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी अर्धी नवी पेठ दुकानं बंद करून इथे आली आहे ते आमचे अप्पा, म्हणजे संशोधक श्री. ईरप्पा, समोर बसलेले कारखानदार आणि विणकर बंधू, आणि पलीकडच्या बाजूला बसलेल्या माताभगिनींनो,

मी धोंडीराम, मंगळवेढ्याचा. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून गेली दोन वर्षं अप्पांच्या वर्कशॉपमध्ये पाने-पकडी उचलतो. अप्पांचं बालपण आणि स्वभाव यावर दहा मिनिटं बोल, असं मंडळानं सांगितलं. परवा मंगळवारी अप्पा सहकुटुंब, कायमचे, कोइमतूरला जाणार. ‘सहकुटुंब’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेत छापला आहे. मी तो बऱ्याच वेळा वाचला.

असो. बालपणाकडे वळतो.

माहिती मिळवायला मी दुधनीला गेलो, अप्पांच्या थोरल्या बहिणीकडे, नागम्माअक्कांकडे. तिथल्या डाळ मिलमध्ये पहिलं ऑइल इंजिन आलं तेव्हा अप्पा नऊ वर्षांचे. बाकीची पोरं लांब उभी राहून टाळ्या पिटत होती. हे महाशय धुराच्या नळीला कान लावून बसले, आवाज नेमका निघतो कुठून ते बघायला. इंजिनानं उलटा बार काढला. डावा कान गेला तो गेलाच.

“रडले का हो अप्पा?” मी अक्कांना विचारलं.

“न्हाय की. घरला आला आन् म्हनला, अक्का, आवाज नळीतला न्हाय, आतनं येतोय. बापानं कानफटात द्यायला हात उचलला, तर आईनं धरला. म्हनली, त्यो एक कान तरी ऱ्हाऊ द्या.” मग अक्का हसल्या. “पर लई लबाड हाय त्यो. नको ते बोलनं निगालं की डावी बाजू फिरवतो. आजून तसंच.”

मंडळी, विचार करा. ताण्यातला धागा तुटला की माग जागच्या जागी थांबवणारी ‘ईरप्पा पट्टी’ आज सुरतेपासून मदुराईपर्यंत मागांवर बसली आहे. अठ्ठावन्न साली ती पुरी झाली, त्याआधी चार वर्षं अप्पा तिच्यामागे होते. एकेचाळीस नमुने भंगारात गेले. अख्खं सोलापूर म्हणत होतं, ईरप्पा, सोडा हा नाद. त्या सगळ्यांकडे अप्पांनी कोणता कान केला असेल?

हा झाला गुण. आता हाच गुण माणसाचा जीव कसा घेतो ते सांगतो. अध्यक्षमहाराज, घंटीवरचा हात काढा. माझी चार मिनिटं उरली आहेत.

अप्पांना एक मुलगी आहे. नाव घेत नाही. भर सभेत मुलीचं नाव घेऊ नये, एवढं अर्ध्या कॉलेजातही कळतं. जात वेगळी, घरची भाषा वेगळी, माझी डिग्री अर्धी. सगळं मान्य. तरी मी अप्पांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा माग पुसताना. अप्पांनी मान फिरवली, म्हणाले, “तेलाचा डबा दे.” दुसऱ्यांदा अक्कलकोटच्या एस्टीत. मुद्दाम त्यांच्या उजवीकडे बसलो होतो. “हितं ऊन लागतंय” म्हणून ते पुढच्या बाकावर गेले. तिसऱ्यांदा गेल्या आठवड्यात, सामान बांधताना. “धोंड्या, दोरी आवळ की.” मी खोक्याला लाथ मारली. अप्पा, आतल्या कपबशा मी फोडल्या, हमालानं नाही.

म्हणून आज सकाळी या सभागृहातला कर्णा मी स्वतः अप्पांच्या उजव्या बाजूला बांधला. मानसिंगराव, मंडळातून काढायचं तर उद्या काढा. अप्पा, नाही म्हणा. शिव्या द्या. पण एवढ्या माणसांसमोर एकदा तोंडानं उत्तर द्या. मंगळवारी गाडी सुटली की मी कुणाला विचारू? रिकाम्या वर्कशॉपला?

हसू नका कुणी. हो, मलाही दिसलं. तिसऱ्या रांगेतून ती उठून गेली.

काय म्हणालात, अप्पा?

मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. अप्पा म्हणतात, “मला तीन डाव इचारलंस. तिला किती डाव इचारलंस?”

एकदाही नाही, अप्पा.

जेवणाचा डबा ठेवताना ती कधी “हात धुवा आधी” म्हणाली, कधी नुसती हसली. तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली, कॉलेजात परत गेलो नाही, घरच्यांशी बोलणं टाकलं. आत्ता ती रागानं गेली की लाजेनं, हे मला सांगता येत नाही. एवढंसुद्धा मी तिला ओळखत नाही.

आभाराचं कामही माझ्याकडेच आहे. मंडळाचे, पाहुण्यांचे, बाहेर चहा घेऊन थांबलेल्यांचे आभार. अप्पांचे मानायला शब्द नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. माझ्याकडे खरंच उरले नाहीत. बोलण्यात जे अधिकउणं झालं ते इथे बसलेल्या सगळ्यांनी पोटात घालावं. उठून गेलेल्या एका माणसाची क्षमा मात्र इथून मागता येणार नाही.

मानसिंगराव, हा माइक धरा जरा.