आजार किती वाजता झाला

…किती वाजता म्हणजे? मी म्हटलं, निरंजनसाहेब, आजार आहे तो, एसटी नाही, किती वाजता आला म्हणून सांगायला. तर तो पोरगा, पोरगाच म्हणायचा, माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल, पण गळ्यात ओळखपत्र आणि पुढ्यात कॉम्प्युटर आला की माणूस साहेब होतो, तो मला म्हणतो कसा, "आजी, या रकान्याला लाल चांदणी आहे. लाल चांदणी म्हणजे भरावंच लागतं. आजार किती वाजता झाला?"

तुम्हाला सांगते, माझी नात दिव्या चाकणला अँब्युलन्सवर आहे. चार वर्षं झाली. गाडी ठेकेदाराची, माणसं ठेकेदाराची, आणि हा निरंजन ठेकेदाराच्या चिंचवडच्या ऑफिसातला. कंपनीत कुणाचा हात मशीनमध्ये गेला, हायवेला कुणी ट्रकखाली आलं, भाड्याच्या खोलीत दहा जण राहतात त्यातला एक खोकून खोकून निळा पडला, की पहिली पोचते ती आमची दिव्या. डॉक्टर नंतर, पोलीस त्याच्याही नंतर. त्या माणसाचं डोकं धरून बसायचं, त्याच्या तोंडाला ऑक्सिजन लावायचा. आणि हिच्या तोंडाला काय? एक मास्क. सोमवारी मिळायचा, रविवारपर्यंत पुरवायचा. झाला टीबी. होणार नाही तर काय होईल?

आता मी काही अडाणी नाही हं. शाळेची पायरी चढले नाही ही गोष्ट वेगळी. आमच्या रानात कंपन्या आल्या तेव्हा शेरडं राखता राखता त्यांच्या गेटवरच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, पहिले शब्द लागले ते 'प्रवेश बंद'. तिथून सुरुवात केलेली बाई मी, मला फॉर्म काय घाबरवणार? कायद्याचं पुस्तक आणलं, वीस दिवस वाचलं, त्यात चष्म्याचा नंबर वाढला. मागे आजारांची यादीच दिलेली आहे, कामामुळे होणाऱ्या, आणि त्यात संसर्गाचे आजारही आहेत, रोग्यांची कामं करणाऱ्यांना लागतात ते. पेनाने खूण करून नेलं. त्याने वाचलं, मान डोलावली, म्हणाला, "कायदा बरोबर आहे, आजी." मला वाटलं, जिंकलं… "पण वेळ कायद्यात नाही, फॉर्ममध्ये आहे. किती वाजता?"

मी म्हटलं, अरे बाबा, जंतू काय मस्टरवर सही करून येतो व्हय? गेटवर आधार कार्ड दाखवतो? मला इकडनं आत जायचंय म्हणून सांगतो? तो आपला शांत. ही माणसं चिडत नाहीत हो, तेच वाईट. चिडलं तर भांडता तरी येतं. म्हणाला, "मग आपण रिपोर्टची तारीख धरू." आणि रिपोर्ट बघितला, आणि मग कॅलेंडर बघितलं, आणि मला अगदी हळू आवाजात, जसं काही वाईट बातमी सांगतोय… "आजी, हा गुरुवार आहे. गुरुवारी यांची सुट्टी असते. म्हणजे आजार सुट्टीत झाला."

सुट्टीत झाला! दोन महिने पोरगी खोकत होती, रजा मागितली तर हाच म्हणायचा माणूस कमी आहे, म्हणून बिचारी सुट्टीच्या दिवशी तपासायला गेली, गाडी बंद पडू नये म्हणून. आणि त्याचीच ही शिक्षा? कामाच्या दिवशी गेली असती तर गैरहजर, सुट्टीच्या दिवशी गेली तर घरगुती आजार. मग जायचं कधी? आणि झाला किती वाजता?

आणि दिव्या कुठं होती माहितीय का हे सगळं चालू असताना? बाहेर. स्कूटरच्या शेडमध्ये. यानेच बसवली होती. डॉक्टरांनी लिहून दिलंय, औषधं लागू पडलीत, आता हिच्यापासून कुणाला लागत नाही, तरी म्हणे, "इथं एसी आहे, सगळे कामात असतात, आम्हाला लागेल."

बास. मी तेच धरलं. म्हटलं, म्हणजे लागतो तर. बसल्या जागी लागतो, ऑफिसात लागतो, कामाच्या वेळात लागतो. मग साहेब, तुम्हाला आत्ता लागला तर किती वाजता लिहाल? तुम्हाला खोटं वाटेल, त्याने घड्याळ बघितलं. खरंच बघितलं हो, बाराला दहा कमी. आणि मग जीभ चावली. म्हणाला, "आमचं वेगळं. आम्ही ऑफिस स्टाफ, त्या ठेक्यावरच्या."

पुढचा रकाना तर याच्यावर वरताण. 'कोणापासून लागला.' मी म्हटलं, पेशंटपासून. "नाव?" अरे, ती माणसाचा श्वास चालू आहे का बघते, नाव विचारायला वेळ कुणाला हाय? "मग घरातलं कोणी लिहू का?" घरातल्या सगळ्यांचे फोटो काढून झालेत छातीचे. माझा फोटो बघून तर डॉक्टरीण हसली, म्हणाली, आजी, ही छाती खरंच पंचाहत्तरची आहे का?

तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "आजी, आज पाचपर्यंत हे दोन रकाने भरले नाहीत तर सिस्टीम त्यांना 'न सांगता गैरहजर' दाखवते. नाव कमी होतं. घरून लागला असं लिहिलं तर बिनपगारी रजा, आणि बऱ्या झाल्या की परत घेऊ. नवीन म्हणून."

नवीन म्हणून, म्हणजे नोकरीची चार वर्षं गेली. 'कामामुळे' हा एक शब्द लिहिला असता तर ती राहिली असती. काचेतून दिव्या दिसत होती, मास्क लावून, हाताने खूण करत होती, चल आज्जी, राहू दे. ती काही भांडणारी नाही. तिला फक्त गाडीवर परत जायचंय.

मी पुस्तक पिशवीत घातलं, पदर नीट केला आणि म्हटलं, "लिहा साहेब, आजीपासून लागला. गुरुवारी सकाळी सहा वाजता, चहा देताना."